मुदतीतला प्रबंध

देवणी गाईच्या दुधावर अभ्यास करायचा, तर आधी गाय व्यावी लागते. कालवड पहिल्यांदा विते ती साधारण साडेतीन-चार वर्षांची झाल्यावर. पुढं वेत चालतं आठ-दहा महिने आणि दोन वेतांमधलं अंतर सव्वा वर्षाच्या आगेमागे पडतं. वानेरा, बालंक्या आणि शेवरा या देवणीच्या तीन प्रकारांची तुलना करायची म्हटलं, की गोठ्यागोठ्यांतून नोंदी गोळा कराव्या लागतात आणि शेतकऱ्याच्या गोठ्यात दुधाची वही नसते. सलग दोन वेतांचे आकडे हवे असले तर दोन-अडीच वर्षं नुसती दावणीपाशी जातात. विद्यापीठाकडून मात्र दर सहा महिन्यांनी निरोप येतो: प्रगती अहवाल आणा. ‘गाय गाभण आहे’ एवढं लिहून प्रगती अहवाल होत नाही.

पीएच.डी.ला किती वर्षं लागतात, हा प्रश्न आपल्याकडं नेहमी माणसाला विचारला जातो. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या फलाटावर, स्टाफरूममध्ये: “सर, झालं का सबमिशन?” गावातला म्हातारा त्याहून सरळ विचारतो, “अजून किती दिवस शिकतूस रं?” दोन्ही प्रश्नांमागं एकच समजूत असते. उशीर झाला म्हणजे पोरगं आळशी, लवकर झालं म्हणजे हुशार, नाहीतर गाईड ओळखीचा. मला ही समजूत पटत नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत प्रबंध कधी पूर्ण व्हायचा हे संशोधकानं फारसं ठरवलेलं नाही, विषयानं तर त्याहून कमी. ते ठरवलं दिल्ली-मुंबईहून निघालेल्या अधिसूचनांच्या तारखांनी.

आधी एक जुनं उदाहरण घेऊ, कारण मुदतीची चर्चा त्याच्याशिवाय पुरी होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध तयार होता. म्हणजे संशोधनाला लागली तीनच वर्षं. पण छापील प्रती विद्यापीठाला सादर केल्याशिवाय पदवी द्यायची नाही, असा तिथला नियम होता आणि छपाईला पैसा लागतो. तो प्रबंध सुधारून लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकाकडून पुस्तकरूपानं निघाला १९२५ मध्ये. कोलंबियाची पदवी मिळाली ८ जून १९२७ रोजी. दाखल झाल्यापासून चौदा वर्षं!

लंडनची हकीकत आणखी बोलकी आहे. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले, १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं. महायुद्धात ती बोट बुडाली. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी, पैशाची जुळवाजुळव, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेनांकडून उसनवारी आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२२ च्या ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला. मार्च १९२३ मध्ये तो दुरुस्तीसाठी परत आला. मुंबईत बसून सुधारून त्यांनी तो ऑगस्टमध्ये पुन्हा पाठवला आणि नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली. आजच्या सहा वर्षांच्या मुदतीचा गज लावला, तर या दोन्ही नोंदण्या कधीच रद्द झाल्या असत्या. हे बाबासाहेबांच्या थोरवीसाठी सांगत नाही, त्यांच्या थोरवीला माझ्या साक्षीची गरज नाही. मुद्दा हिशेबाचा आहे. संशोधनाला लागलेला काळ वेगळा आणि पदवी हाती यायला लागलेला काळ वेगळा. या दोहोंमधल्या फटीत पैसा बसलेला असतो.

फट नसली तर काय होतं, तेही पाहता येतं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींनी केंब्रिजमध्ये वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी वरचं काम चौदा महिन्यांत उरकलं आणि ४० पानांचा प्रबंध दिला. १९३९ मध्ये त्या डॉक्टरेट झाल्या. शिष्यवृत्ती, सुसज्ज प्रयोगशाळा, रोज भेटणारे मार्गदर्शक, सगळं एका आवारात. आपल्याकडं चाळीस पानांत तर ऋणनिर्देश, अनुक्रमणिका आणि ‘संशोधनाची गृहीतके’ संपतात.

आता मराठवाड्याकडं येऊ. इथला माणूस १९५८ पर्यंत उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडं पाहत होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाची शिकवण्याची भाषाच मुळात उर्दू होती. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. तिथून पुढची जवळपास छत्तीस वर्षं देवणी-उदगीरच्या संशोधकाला गाईडची सही आणायची तर औरंगाबाद गाठावं लागे. रात्रभर एसटी, सकाळी विभागाच्या दारात, आणि सर परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेलेले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं विद्यापीठ झालं. पुढं लातूरजवळ पेठला उपकेंद्र आलं. संशोधकाचा एक दिवस तरी वाचला. पीएच.डी.चा वेग वाढवणारी मराठवाड्यातली सगळ्यात मोठी सुधारणा कोणती, असं कुणी विचारलं तर मी हे अंतर कमी होणं सांगेन. कोणत्याही नियमावलीचा नंबर त्यानंतर.

सही जवळ आली, पण साधनं जवळ आली नाहीत. इतिहासाच्या संशोधकाचं उदाहरण घ्या. देवणी आज लातूर जिल्ह्यातला तालुका आहे, पण लातूर जिल्हाच झाला ऑगस्ट १९८२ मध्ये. त्याआधी हा भाग उस्मानाबादेत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेआधी उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते आणि त्या सगळ्यावर हैदराबादची सत्ता होती. म्हणजे इथल्या एखाद्या गावाच्या जमिनीचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा, तर कागद चार ठिकाणी: लातूर, धाराशिव, बिदर आणि हैदराबाद. राज्यं तीन. भाषा उर्दू, फारसी, कन्नड, मराठी, आणि जुनी मराठी असेल तर लिपी मोडी. उर्दू शिकायला एक वर्ष, मोडी सरावायला सहा महिने, दप्तरखान्याची परवानगी मिळेल तेव्हा. सहा वर्षांच्या मुदतीत हे बसवायचं म्हटल्यावर शहाणा संशोधक काय करतो? तो विषय बदलतो. ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट लावून छापील पुस्तकांवर भागेल असा विषय घेतो. प्रबंध वेळेत पूर्ण होतो आणि उदगीर भागाचा इतिहास तसाच पडून राहतो. मुदतीचं हे नुकसान कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही, कारण न घेतलेल्या विषयांची नोंद कुणी ठेवत नाही.

जुन्या पिढीच्या प्राध्यापकांना हा घोर नव्हता. प्रबंध पंधरा-पंधरा वर्षं चाले आणि त्यात कुणाला गैर वाटत नसे. माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, यांची ‘छंदोरचना’ १९२७ मध्ये आली, दहा वर्षांनी ती पुष्कळ वाढवून पुन्हा आली आणि १९३८ मध्ये तिच्यावर मुंबई विद्यापीठानं डी.लिट. दिली. असे ग्रंथ मुदतीत होत नसतात. पण या आठवणीनं गहिवरायचंही कारण नाही. पंधरा वर्षं चाललेल्या प्रत्येक प्रबंधातून ‘छंदोरचना’ निघाली नाही. बरेचसे प्रबंध चालत नव्हतेच, नुसते नोंदवलेले होते. प्रमोशनला पदवी लागत नव्हती, पगार थांबत नव्हता, मग घाई कशाची?

घाई आली १९९१ मध्ये. त्या वर्षी १९ सप्टेंबरला विद्यापीठ अनुदान आयोगानं अधिव्याख्यातापदासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा आवश्यक केली. पुढं १९९५ मध्ये सूट जाहीर झाली: ज्यांनी ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत एम.फिल. पूर्ण केलं असेल किंवा पीएच.डी.चा प्रबंध सादर केला असेल, त्यांना नेट नको. म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी बांधीव प्रती खिडकीवर देणारा पात्र आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात देणारा अपात्र. ही तारीख लातूर-उस्मानाबादच्या माणसानं कॅलेंडरवर पाहावी. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. जेमतेम तीन महिन्यांनंतरचा तो दिवस. इथली घरं, शाळा, माणसं तेव्हा कुठं होती हे वेगळं सांगायला नको. दिल्लीतल्या फायलीला भूकंप माहीत नसतो.

मग २००२ मध्ये पीएच.डी.वाल्यांसाठी ती तारीख ३१ डिसेंबर २००२ पर्यंत पुढं सरकली. २००६ मध्ये पीएच.डी.वाल्यांना सरसकट सूट. २००९ मध्ये पुन्हा नवी नियमावली: प्रवेशपरीक्षा, कोर्सवर्क, आणि त्या नियमांनुसार पदवी घेतली असेल तरच नेटमधून सूट. हे नियम लागू झाल्याची ११ जुलै २००९ ही तारीख त्यामुळं हजारो जणांना स्वतःच्या वाढदिवसासारखी पाठ झाली. २०१६ मध्ये कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं अशी चौकट आली. प्राध्यापकाकडं आठ, सहयोगी प्राध्यापकाकडं सहा आणि सहायक प्राध्यापकाकडं चार विद्यार्थी, हीही मर्यादा त्यातच. २०१८ च्या नियमांनी सांगितलं की जुलै २०२१ पासून विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागेलच. ती मुदत २०२३ वर गेली आणि ३० जून २०२३ रोजी, ऐनवेळी, आयोगानं अटच काढून टाकली. ज्यांनी त्या तारखेच्या धास्तीनं घाईघाईत प्रकरणं उरकली, त्यांना ती घाई परत कोण देणार?

वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ मध्ये आले. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. हे चांगलंच झालं. पण मराठी प्रबंधांबाबत एक गंमत आहे. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाला मराठी म्हणून कळतच नाही आणि स्कॅन केलेलं पान म्हणजे त्याच्या लेखी नुसतं चित्र. गांधीनगरच्या ‘शोधगंगा’ भांडारात देशभरातले पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. त्यातले जुने मराठी प्रबंध जोवर चित्रंच आहेत, तोवर त्यांच्यातून उचलेगिरी पकडायला यंत्र नाही, वाचणारा गाईड लागतो.

संशोधनपत्रिकांचं प्रकरण तर विचारूच नका. प्रबंधाआधी एक शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, अशी अट २०१६ च्या नियमांत होती. अट आली तसा बाजार आला. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. आयोगाची मान्य पत्रिकांची यादी २०१७ मध्ये निघाली आणि २०१८ च्या मे महिन्यात तिच्यातून ४,३०५ पत्रिका काढून टाकाव्या लागल्या. २०२२ च्या नियमांत छापण्याची ती सक्ती राहिली नाही. ज्यांनी मधल्या काळात पैसे भरले, त्यांच्या प्रबंधाच्या मागं ते निबंध परिशिष्ट म्हणून शिवलेले आहेत.

आता देशभराचे आकडे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार पीएच.डी.ला नोंदवलेले विद्यार्थी २०१४-१५ मध्ये १.१७ लाख होते, २०२१-२२ मध्ये २.१२ लाख झाले. मुली आणि स्त्रिया ४८ हजारांवरून जवळपास ९९ हजारांवर गेल्या, ही माझ्या मते या साऱ्या हकीकतीतली सगळ्यात मोठी गोष्ट. पदव्या मात्र अशा चढत गेल्या नाहीत. २०१८-१९ मध्ये ४०,८१३ जणांना पीएच.डी. मिळाली, २०१९-२० मध्ये ३८,९८६ आणि कोरोनाच्या २०२०-२१ मध्ये २५,५५०. प्रयोगशाळा बंद, ग्रंथालयं बंद, गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरणं बंद. आयोगानं मुदतवाढी दिल्या, पण मुदत वाढवून गेलेला पावसाळा परत येत नाही. शेतीवर काम करणाऱ्याचा एक हंगाम गेला म्हणजे वर्ष गेलं.

या आकड्यांवरून पीएच.डी.ला किती वर्षं लागतात हे काढता येईल का? २०१९-२० मध्ये नोंदवलेले २.०३ लाख आणि पदव्या सुमारे ३९ हजार. भागाकार करा: पाच वर्षांहून जरा जास्त. दिसायला ठीक आहे. पण हा भागाकार फसवा आहे. सगळेच पूर्ण करत असतील तर उत्तर पाच वर्षं. पूर्ण करणाऱ्यांच्याच संख्येइतके लोक दर साली, दोन-दोन वर्षं काढून, गुपचूप सोडून जात असतील, तर पूर्ण करणाऱ्यांना सव्वातीनच वर्षं लागतात असं निघेल. आकडे तेच, दोन्ही चित्रं त्यात बसतात. एकात व्यवस्था संथ पण दयाळू, दुसऱ्यात वेगवान आणि निर्दय. आपली व्यवस्था यातली कोणती, हे या सर्वेक्षणाला सांगता येत नाही, कारण ते आत किती आहेत आणि पदवी घेऊन किती गेले एवढंच मोजतं. मागल्या दारानं गेलेले त्यात नाहीत.

ते कोण आहेत हे आमच्या भागात राहणाऱ्याला ठाऊक असतं. तासिका तत्त्वावर शिकवणारा मास्तर: सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी शिकवणी. प्रबंध दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. दुष्काळाच्या साली तोही नाही. पहिलं बाळंतपण आणि तिसरं प्रकरण एकाच वर्षी आलेल्या मॅडम. नियमात त्यांना २४० दिवसांची रजा आहे, दोन वर्षं जादा आहेत आणि २०२२ च्या नियमांनी पुनर्नोंदणी धरून दहा वर्षांपर्यंत वाट पाहायची तयारी दाखवली आहे. चांगली तरतूद. पण घरी “आता पुरे झालं” म्हणणाऱ्या सासूबाईंना ती लागू नाही.

फेलोशिप असलेल्यांची गोष्ट निराळी. केंद्राची कनिष्ठ फेलोशिप २०२३ पासून महिना ३७ हजार आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपमुळं मराठवाड्यातली पहिल्या पिढीतली कितीतरी पोरं संशोधनात टिकली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, विधान परिषदेत, तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवारांनी पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला आणि मोठा गदारोळ झाला. सवाल उर्मट होता. पण फेलोशिपमध्ये एक खोट आहे, ती आपणच सांगितलेली बरी. प्रबंध सादर केला की फेलोशिप थांबते. पुढं नोकरी नाही. राज्यात हजारो जागा रिकाम्या असताना २०२१ मध्ये २,०८८ पदांना मान्यता मिळाली आणि तीही भरता भरता वर्षं गेली. अशा वेळी ज्याचा प्रबंध चौथ्या वर्षी तयार आहे, तो पाचव्या वर्षाचा शेवटचा हप्ता खात्यावर येईपर्यंत बाइंडिंगला कशाला टाकेल? मी तरी टाकला नसता. त्याला लबाड म्हणण्याआधी त्याच्या घरचा सातबारा पाहावा.

शिवाय सबमिशन झालं म्हणजे संपलं असं नाही. पुढचा काळ सर्वस्वी विद्यापीठाच्या हातात असतो. मूल्यमापनाची सारी प्रक्रिया सहा महिन्यांत संपवावी असं नियमच सांगतो. विद्यार्थ्यानं सहा वर्षांची मुदत मोडली तर नोंदणी रद्द होते. परीक्षकानं अहवाल दाबून ठेवला, व्हायव्हा वर्षभर लांबली, तर कुणाचं काय रद्द होतं?

अमेरिकेत डॉक्टरेट मिळवणाऱ्या प्रत्येकाची पाहणी १९५७ पासून दरवर्षी होते. त्यापलीकडं तिथल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सनं एकाच वर्षी दाखल झालेल्या तुकड्यांचा दहा वर्षं माग काढला आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. दहा वर्षांत पूर्ण करणारे एकूण ५७ टक्के. अभियांत्रिकीत ६४, सामाजिक शास्त्रांत ५६, मानव्यविद्यांत ४९. इतका पैसा, इतकी ग्रंथालयं, आणि तरी इतिहास-साहित्याचे निम्मे लोक दहा वर्षांनीही पदवीपर्यंत पोचलेले नव्हते. हे वाचल्यावर आपल्या पोरांना आळशी म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही. पण त्यांनी मोजलं, म्हणून त्यांना कळलं. मोजल्यावर मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याला नेमकी कुठं गळती लागते हे शोधायला सुरुवात करता येते.

हे मोजायला आपल्याकडं वेगळा आयोग नको. नोंदणीची तारीख, आराखड्याच्या मान्यतेची तारीख, सादर केल्याची, व्हायव्हाची आणि नोटिफिकेशनची तारीख, सगळं प्रत्येक विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात लिहिलेलं असतं. नांदेडच्या विद्यापीठानं दर १७ सप्टेंबरला, वर्धापनदिनी, दहा वर्षांपूर्वीच्या तुकडीचा एका पानाचा तक्ता जाहीर करावा: नोंदले किती, सादर किती, पदवी किती, सोडून गेले किती. विषयवार आणि स्त्री-पुरुष वेगळे. सबमिशननंतर विद्यापीठानं घेतलेले महिनेही त्यात असावेत. आणि ज्या वाचकांच्या कपाटात आज तीन प्रकरणं फायलीत पडून आहेत, त्यांनी तक्त्याची वाट पाहू नये. कोणत्या वर्षी थांबलात आणि का, हे चार ओळींत लिहून विद्यापीठाच्या पत्त्यावर पाठवावं.